पेशंटला त्याचा आजार न सांगणं – तुमच्या घरी काय केलंत?

वारणाकाठ :

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, हात वळत नव्हता. बाबा जाऊन सव्वा वर्ष झालं. वय ७१, एसटीच्या वर्कशॉपला होते, रिटायर झाल्यावर गावी दीड एकर हळद आणि थोडा ऊस. जूनमध्ये डोळे पिवळे दिसायला लागले, अंगाला खाज सुटायची, गावात कावीळ म्हणून पंधरा दिवस झाडपाल्याचं औषध झालं आणि मग मिरजेला नेलं. सोनोग्राफी झाली, सीटी झाला, दुर्बिणीतून पित्तनळीत स्टेंट टाकला, तुकडा तपासायला पाठवला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला, ऑपरेशन होण्यासारखं राहिलेलं नाही. हे डॉक्टरांनी सांगितलं दादाला आणि मला. बाबा बाहेर बाकावर स्वतःची फाईल मांडीवर घेऊन बसले होते, आणि आत आम्ही त्यांचं ठरवत होतो.

ठरवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दादा म्हणाला "त्यांना सांगायचं नाही, खचतील." मी मान हलवली. डॉक्टर म्हणाले "तुम्ही म्हणाल तसं" आणि बाहेर येऊन बाबांना म्हणाले, काका, पित्ताच्या नळीत खडे अडकले होते, नळी बसवलीय, सूज उतरायला वेळ लागेल, तेलकट बंद करा.

आता खरं सांगायचं ते पुढचं आहे. एकदा खोटं सांगितलं की त्या खोट्याचा पण एक हिशोब असतो आणि आजारी माणूस दिवसभर पडून तो हिशोबच करत बसतो. शेजारच्या काकूंचं खड्यांचं ऑपरेशन झालं होतं, तिसऱ्या दिवशी घरी आल्या, महिन्याने शेतात जायला लागल्या. मग माझं का नाही करत? पुण्याला का नेत नाही? सप्टेंबरपर्यंत वजन १८ किलोने उतरलं आणि बाबांची खात्री झाली की आम्हाला पैसा सोडवत नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हे सांगायचे, दादाच्या देखत. दादाने वहिनीचे दागिने गहाण ठेवले होते. तो खाली मान घालून ऐकायचा.

केमोला आम्ही "ताकदीची सलाईन" म्हणत होतो. दुसऱ्या वेळेनंतर बाबा म्हणाले ही सलाईन घेतली की होती ती ताकद पण जाते, मला नको, बंद करा. त्यांनी ट्रीटमेंट चक्क नाकारली हो! आणि आम्हाला ना "बरं" म्हणता येईना ना खरं सांगून समजावता येईना. शेवटी नातवाची शपथ घालून तिसरी घेतली.

नोव्हेंबरमध्ये गेले. दादावर राग धरून गेले. शेवटच्या आठवड्यात त्याच्या हातचं पाणीपण घेत नव्हते.

दादा अजून म्हणतो, सांगितलं असतं तर ऑगस्टमध्येच गेले असते. मला तसं वाटत नाही, पण मी तेव्हा मान हलवली होती हेही खरंय. तुमच्याकडे काय केलंत, आणि आता काय वाटतं, ते लिहा प्लीज.

नाशिककर७ :

ताई, वाचून गलबलून आलं. आमच्याकडे वडलांना मुंबईला टाटाला दाखवा असं इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण आपल्याकडे "टाटाला नेलं" म्हटलं की लहान पोरालासुद्धा कळतं काय झालंय. म्हणून नेलंच नाही. नाशिकमध्येच जे झालं ते केलं. लपवायच्या नादात आम्ही दवाखाना निवडला, हे कबूल करायला मला चार वर्षं लागली.

सदाशिव_मु :

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझ्या आईला ७६ व्या वर्षी अंडाशयाचा कॅन्सर निघाला. आम्ही तिघं भावंडं बसलो आणि ठरवलं, तिला कळता कामा नये. "पोटात पाणी झालंय, काढावं लागतं" एवढंच सांगितलं. १४ महिने जगली. त्यात पंढरपूरला जाऊन आली, नातीचं लग्न पाहिलं, लग्नात मिरवली. तिला कॅन्सर हा शब्द सांगितला असता तर दुसऱ्या दिवसापासून अंथरूण धरलं असतं, मी माझ्या आईला ओळखतो. हे स्वायत्तता, म्हणजे पेशंटचं पेशंटने ठरवायचं वगैरे, परदेशातलं आहे, तिथे माणूस एकटा राहतो, एकटा दवाखान्यात जातो, मग त्याला सांगण्याशिवाय इलाजच काय? आपल्याकडे दुखणं घराचं असतं. मुलांनी भार उचलला तर त्यात पाप काय आहे?

ओपीडी_क्र_१२ :

मी सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये सर्जरीला आहे म्हणून दुसऱ्या बाजूचं लिहितो. हे रोज होतं. पेशंट स्टुलावर बसलेला असतो आणि त्याच्या मागे उभा राहून मुलगा मला डोळ्याने खुणावतो, हात हलवतो, सांगू नका सांगू नका. किंवा पेशंटच्या आधी आत येऊन म्हणतो डॉक्टर तुमच्या पाया पडतो, फक्त गाठ म्हणा. रेसिडेंट असताना मी अगणित वेळा "गाठ" म्हटलंय. त्याची कारणं चांगली नव्हती. मागे साठ पेशंटची लाईन, बोलायला वेगळी खोली नाही, बिल कोण भरणार तर मुलगा, उद्या काही बिनसलं तर अंगावर कोण येणार तर मुलगा. पेशंट कधी अंगावर येत नाही. मग साहजिकच आपण मुलाचे डॉक्टर होऊन जातो.

आणि नियम तरी काय सांगतात बघा. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे आचारनियम, जे आजही लागू आहेत, त्यात म्हटलंय की डॉक्टरने आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. इथपर्यंत उत्तम. पण पुढे म्हणतात की पेशंटला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना आजाराची कल्पना असावी, पेशंटच्या आणि कुटुंबाच्या हिताची असेल इतकी. त्या एका "किंवा"मधून आख्खा पेशंट गळून पडतो.

सदाशिवराव, परदेशातलं आहे म्हणालात त्यावर. १९६१ साली शिकागोच्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना विचारलं होतं, तेव्हा सुमारे ९० टक्के म्हणाले की कॅन्सरच्या पेशंटला आम्ही सहसा सांगत नाही. कारण काय दिलं? तो खचेल! अगदी आपलंच वाक्य. १९७९ मध्ये तोच प्रश्न अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये विचारला तर ९७ टक्के म्हणाले सांगतो. म्हणजे अठरा वर्षांत उलटं झालं. संस्कृती अठरा वर्षांत उलटी होत नाही. मधल्या काळात औषधं सुधारली, कोर्टाचे निकाल आले, लोक प्रश्न विचारायला लागले.

आता मी काय करतो ते सांगतो. रिपोर्ट यायच्या आधी, तपासणीच्या पहिल्याच दिवशी पेशंटला विचारतो, काका, रिपोर्ट आला की सगळं तुम्हाला सांगू, का घरातल्या कुणाला सांगू? काही जण म्हणतात मला सांगा, काही म्हणतात पोराला सांगा, काही म्हणतात दोघांना बसवून सांगा. जे म्हणतील ते केस पेपरवर लिहितो. मग मुलाने खुणावलं तर मी त्याला ती ओळ दाखवू शकतो. वाईट बातमी कशी सांगावी याची एक सहा पायऱ्यांची पद्धत आहे, स्पाइक्स म्हणतात, २००० साली आली, त्यातली तिसरी पायरी हीच, आधी विचारा. जादा वेळ लागतो तो दोन मिनिटं.

कोर्टाची_पायरी :

वकील आहे, त्यामुळे कायद्याचं थोडं. यात सगळ्यात महत्त्वाचा निकाल समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, सुप्रीम कोर्ट, जानेवारी २००८. प्रकरण १९९५ चं, दिल्लीतलं. ४४ वर्षांची अविवाहित बाई, पोटाच्या तपासणीसाठी दुर्बीण घालायची म्हणून सही दिली. भुलीखाली असताना डॉक्टरांना आत जे दिसलं त्यावरून गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढायला हवीत असं वाटलं, बाहेर आई बसली होती, तिची संमती घेतली आणि काढून टाकली. कोर्टाने ऑपरेशन निष्काळजीपणे केलं असं म्हटलेलं नाही, उपचार म्हणून ते चुकीचं होतं असंही नाही. तरीसुद्धा कोर्ट म्हणालं की सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणारी पेशंट असताना आणि जिवाला तातडीचा धोका नसताना आईची संमती ही संमतीच नव्हे, थांबायला हवं होतं. फी नाकारली आणि २५ हजार रुपये भरपाई दिली. रक्कम अगदीच किरकोळ आहे पण तत्त्व पक्कं बसलं.

आता ताईंच्या बाबतीतली खरी अडचण. कायदा डॉक्टरला धरतो. इथे निर्णय हिरावून घेतला तो घरच्यांनी, डॉक्टरने फक्त मान तुकवली. मुलाविरुद्ध कुठला बाप तक्रार करणार आहे? मेडिकल एथिक्सच्या पुस्तकात पालकगिरी करणारा, म्हणजे पेशंटच्या भल्यासाठी म्हणून त्याचं परस्पर ठरवणारा, तो डॉक्टर. आपल्याकडे पालकगिरी करणारा कॉरिडॉरमध्ये असतो आणि त्याचं पेशंटवर अतिशय प्रेम असतं. म्हणूनच हे सुटायला अवघड आहे.

वारणाकाठ :

@सदाशिव_मु, राग अजिबात नाही. दादाचंही अगदी हेच म्हणणं आहे आणि दादाने बाबांचं जेवढं केलं तेवढं मी पुण्यात बसून केलं नाही. पण एक सांगा, भार आम्ही उचलला हे खरं का? बाबांना वेदना त्यांनाच होत होत्या, वजन त्यांचंच उतरत होतं. आम्ही उचललं ते फक्त कारण. आणि त्या कारणाशिवाय त्यांना ते सगळं सोसावं लागलं. त्यात भर म्हणजे पोरगा कंजूष निघाला हे जादाचं दुःख, जे मुळात अस्तित्वातच नव्हतं, ते आम्ही तयार करून दिलं.

आणखी एक व्यवहाराचं. बाबांनी गावात चार ठिकाणी उसने पैसे दिलेले, तोंडी. सोसायटीचं कर्ज कुठल्या गटावर आहे, एलआयसीची पावती कुठे आहे, काही विचारता आलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांना संशय आला असता.

हडसनपलीकडे :

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे दुसरं टोक आहे तेही वाचा. २०२१ च्या एप्रिलपासून इथे नियम असा की तपासणीचे रिपोर्ट तयार झाले की लगेच पेशंटला त्याच्या अकाउंटवर दिसले पाहिजेत. माझा स्तनाचा बायोप्सी रिपोर्ट मला फोनवर आला तेव्हा मी दुकानाच्या पार्किंगमध्ये भाजीच्या पिशव्या गाडीत ठेवत होते. डॉक्टरचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी. ते वीस-बावीस तास मी कसे काढले माझं मला माहीत. माहितीचा अधिकार पुरेपूर मिळाला, सोबत कोणीच नव्हतं. (आता ठीक आहे, पाच वर्षांचं औषध चालू आहे.)

पण त्याच हॉस्पिटलमध्ये नंतर सासूबाईंना दाखवलं तेव्हाचा अनुभव फार चांगला. त्यांना इंग्रजी येत नाही, नवरा म्हणाला मी सांगतो त्यांना समजावून, नर्स म्हणाली नाही, आमचा दुभाषी फोनवर असेल, घरच्यांनी भाषांतर करायचं नाही. आम्हाला राग आला होता तेव्हा. मग मराठी दुभाष्याकडून नर्सने सासूबाईंना विचारलं, तुमच्या तब्येतीचे निर्णय तुम्ही घेणार का दुसऱ्या कुणी घ्यावेत असं तुम्हाला वाटतं? सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मला काही सांगत बसू नका, ह्याला सांगा, हा ठरवेल ते मला चालेल." नर्सने ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि पुढचं सगळं नवऱ्याशी बोलली.

म्हणजे निकाल तोच लागला, मुलाने ठरवलं. पण सासूबाईंनी ते त्याला दिलं होतं, त्याने घेतलं नव्हतं. मला यातला फरक खूप मोठा वाटतो. माहिती नको असणं हाही त्यांचाच हक्क, फक्त तो कुणीतरी आधी विचारायला हवा.

सिस्टर_निवृत्त :

मुंबईत म्युनिसिपल हॉस्पिटलात ३१ वर्षं काढली. सगळे कॅन्सरवर बोलताय म्हणून मी रोजच्या सहीचं सांगते. संमतीचा फॉर्म वॉर्डात संध्याकाळी भरतात, सकाळच्या ऑपरेशनसाठी. इंग्रजी फॉर्म, एक्स केलेल्या जागी सही. पेशंट पुरुष असेल तर बऱ्याचदा त्याचीच सही. बाई असेल तर पहिला प्रश्न, "बरोबर कोण आहे? मालक कुठायत?" मालक येईपर्यंत फॉर्म तसाच. गर्भपाताच्या कायद्यात, तो १९७१ चा आहे, अठरा वर्षांवरच्या बाईची फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची लागत नाही. हे मी किती जणांना सांगितलं असेल! तरी नवऱ्याची सही आणायला परत पाठवलेल्या बाया मी पाहिल्यात, आणि त्यातल्या काही परत आल्या नाहीत. हल्ली बदलतंय, पण फार हळू.

दुसरं, अरुणा शानबाग. आमच्या पिढीतल्या प्रत्येक नर्सच्या मनात ती आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये केईएममध्ये ड्युटीवरच्या त्या नर्स मुलीवर हल्ला झाला, ती परत कधी भानावर आली नाही आणि १८ मे २०१५ ला ती गेली, मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी तिला एक बेडसोर होऊ न देता सांभाळलं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात प्रश्न आला की तिला जाऊ द्यावं का, तेव्हा कोर्ट म्हणालं तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचा, आणि स्टाफ म्हणाला तिला जगू द्या. मी त्या बाजूची होते. अजूनही त्या मुलींच्या सेवेपुढे माझं डोकं टेकतं. पण रिटायर झाल्यावर रात्री झोप येत नाही तेव्हा मनात येतं, अरुणाला काय हवं होतं हे आपल्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. माहीत असण्याचा मार्गच नव्हता.

वारणाकाठ ताई, एक विचारू? तुमच्या सगळ्या लिहिण्यात दादा आहे, तुम्ही आहात, डॉक्टर आहेत. तुमच्या आई कुठे होत्या?

नाशिककर७ :

सिस्टर, हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला नव्हता. आणि माझी आईही त्या वेळी होतीच की घरात.

कोर्टाची_पायरी :

सिस्टरांनी म्हटलं मार्ग नव्हता, तर तो आता आहे म्हणून लिहून ठेवतो. मार्च २०१८ मध्ये कॉमन कॉज प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने मान्य केलं की शेवटच्या अवस्थेत व्हेंटिलेटर वगैरे नको असेल तर सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो, लिव्हिंग विल. पण त्यात न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही करायची अट होती, कोण जाणार? म्हणून जानेवारी २०२३ मध्ये सोपं केलं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत, आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावं त्यात घालायची, एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. तो अधिकारी कोण हे ठरत नव्हतं म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेले होते, त्यानंतर महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले गेले. महापालिकेत किंवा नगरपालिकेत विचारा, कारकुनाला माहीत नसेल तर आरोग्य अधिकाऱ्याला विचारा.

हे फक्त बोलता येत नसेल त्या वेळेसाठी आहे हे लक्षात घ्या. शुद्धीत असलेल्या माणसासाठी कागद लागत नाही, त्याला विचारायचं असतं.

सदाशिव_मु :

दोन दिवस हा धागा वाचतोय, काही लिहिलं नाही. न्यू जर्सीच्या ताईंचं वाचून एक आठवलं ते खरं खरं लिहितो. शेवटून तिसऱ्या महिन्यात पाणी काढून घरी आणलं तेव्हा आई रिक्षात म्हणाली, "सदा, हे बरं होणारं दुखणं आहे ना रे?" मी म्हणालो हो गं, आहे की. ती पुढे काही बोलली नाही, बाहेर बघत राहिली. त्यानंतर तिने परत कधी विचारलं नाही. मी आत्तापर्यंत समजत होतो की तिला विचारायचंच नव्हतं.

तरी नातीचं लग्न तिने आनंदात पाहिलं हे मी सोडणार नाही. ते खरं होतं.

ओपीडी_क्र_१२ :

सदाशिवराव, ते खरंच होतं, कोणी काढून घेत नाहीये. तुम्ही हे लिहिलंत म्हणून तुम्हाला नमस्कार करतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ते दार होतं, तिने उघडलं होतं. बहुतेक पेशंट एकदाच उघडतात. तेव्हा लगेच आख्खं सत्य ओतायचं नसतं, "तुला काय वाटतंय आई?" एवढं विचारलं तरी पुरतं, पुढचं ती सांगते.

वारणाकाठ :

सिस्टर, तुमच्या प्रश्नाने दोन रात्री झोप नाही. उत्तर असं की आईला पण आम्ही सांगितलं नव्हतं. ती रडेल, बाबांना चेहऱ्यावरून कळेल, म्हणून. पेशंट नव्हतीच ती, तिच्यासाठी नियमपण नाही कुठला. तिला ऑक्टोबरच्या शेवटी मेडिकलवाल्याच्या बायकोकडून कळलं. आमच्याशी त्यावर एक अक्षर बोलली नव्हती.

काल गावी आले ती याचसाठी. आई शेंगा फोडत बसली होती. मी म्हटलं आई, उद्या तुला काही झालं तर डॉक्टरांनी तुला सांगायचं का दादाला? वर न बघता म्हणाली, "मला सांगायचं. आधी मला, मग तुम्हाला." मी वहीत लिहून घेतलं, तारीख घातली, तिची सही घेतली. दादा दारात उभा होता, त्यानेही खाली सही केली.

मग बराच वेळ कोणी बोललं नाही. थोड्या वेळाने आईच म्हणाली, "खडे आहेत म्हणून सांगितलंत, म्हणून मी पथ्य पाळलं. गणपतीत तळणीचे मोदक मागत होते, दिले नाहीत. रविवारी मटण मागायचे, घरात शिजवलंच नाही. पाच महिने बिनतेलाचं वरण-भात घातला मी त्यांना, भांडून घातला."